लाल शाईची फुली

चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक उतरले ती तारीख २३ ऑगस्ट २०२३. पुढल्याच आठवड्यात आमच्या शाळेत चित्रकलेची स्पर्धा झाली. बहुतेक मुलांनी वर्तमानपत्रातील छायाचित्राबरहुकूम अग्निबाण काढले. सहावीतील एका मुलाने मात्र राजवाड्यापुढे अजस्र तोफ उभी केली होती आणि तिच्या तोंडातून यान चंद्राकडे सुटले होते. ‘तोफेने कोणी चंद्रावर जात नाही,’ असे म्हणून आम्ही त्यावर लाल शाईची फुली मारली आणि कर्तव्यदक्षतेच्या समाधानात घरी आलो.

रात्री ती फुली आम्हांलाच टोचू लागली. कारण बालपणी आम्हीही तोफेतूनच चंद्रावर गेलो होतो! आपल्या इंदुरातच १९१० साली जन्मलेले भा. रा. भागवत ‘फास्टर फेणे’चे जनक म्हणून मराठी घरोघरी पोचले; ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कथाही त्यांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या. त्यांची ‘चंद्रावर स्वारी’ वाचताना आम्हांस जेवणाचीही शुद्ध राहिली नव्हती.

व्हर्नची मूळ कादंबरी १८६५ सालची. तीत जमिनीत ओतलेल्या ९०० फूट लांबीच्या तोफेतून तीन माणसे चंद्राकडे धाडली आहेत. पृथ्वीची ओढ तोडण्यास सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग हवा, हे व्हर्नने बरोबर जाणले होते. चूक निराळी होती. हा सारा वेग ९०० फुटांच्या आत द्यायचा, तर प्रवाशांवर येणारा भार त्यांच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक. चंद्र दूरच राहो, तोफेच्या तोंडाशी येण्यापूर्वीच त्यांचा चेंदामेंदा व्हावयाचा!

व्हर्नची पारायणे करणाऱ्या हेर्मान ओबेर्त या ट्रान्सिल्व्हानियातील शाळकरी मुलाने हे गणित मांडून पाहिले. तोफ नको, तर वेग क्रमाक्रमाने वाढविणारे साधन कोणते? या प्रश्नाने त्यास अग्निबाणापाशी नेले. रशियातील त्सिओल्कोव्हस्की तर आमच्यासारखाच शाळामास्तर. त्याच्याही मनात बीज पडले ते व्हर्नच्या कथांतून. १९०३ साली त्याने अग्निबाणाने अंतराळप्रवास कसा साधेल याचे गणित प्रसिद्ध केले. ओबेर्तचा ग्रंथ १९२३ साली आला.

मग कल्पनेने शास्त्राकडून आपले देणे व्याजासह वसूल केले. १९२९ साली फ्रिट्झ लांगने चंद्रप्रवासावर मूकपट काढला, त्याचा शास्त्रीय सल्लागार ओबेर्तच होता. अग्निबाण सुटण्यापूर्वीची उलटी मोजणी त्या पटात योजिली होती ती केवळ नाट्य रंगावे म्हणून. आज श्रीहरिकोट्यातही तिच्यावाचून उड्डाण होत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलास बोलावले. बिचारा भीतभीतच आला. तोफ सुटताना आत बसलेल्यांचे काय होईल, असे आम्ही त्यास विचारले. क्षणभर विचार करून तो म्हणाला, “सर, नीचे खूब सारे गद्दे बिछा देंगे.”

आम्ही थक्क झालो. व्हर्ननेही धक्का सोसण्यासाठी प्रवाशांच्या पायांखाली पाण्याचा थर ठेवला होता!

लाल शाई पुसली जात नाही. म्हणून त्या फुलीशेजारी आम्ही लिहिले, ‘गाद्या किती जाड हव्यात?’ वाचकहो, आपल्याही घरी एखाद्या वहीत अशी तोफ निघेल. तिच्यावर फुली मारण्याची घाई, आम्ही केली तशी, आपण करू नये.