निवासी डॉक्टरांच्या तासांचे मस्टर कुठे आहे?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून मी मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आम्हा परिचारिकांच्या ड्युटीला मस्टर असते. पाळी संपली की ओव्हर द्यायची, सही करायची आणि घरी जायचे. त्याच वॉर्डात राबणाऱ्या निवासी डॉक्टरांचे तास मात्र मी कुठल्याही वहीत लिहिलेले पाहिले नाहीत.

तास ठरलेले नाहीत असे नाही. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सहसा १२ तासांपेक्षा जास्त नसावे आणि आठवड्याला ४८ तास असावे, असे म्हटले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत नुसतेच ‘वाजवी तास’ आले, आकडा आलाच नाही. २०२४ मध्ये आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृतिगटाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. म्हणजे ४८ तासांचा कागद हातात असताना या शिकणाऱ्या मुलांच्या भल्यासाठी नेमलेल्या गटालाही ७४ च्या खाली येता आले नाही.

युनिटची इमर्जन्सी असली की सकाळच्या राउंडला आलेला जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, रात्रभर ॲडमिशन घेतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा राउंडला उभा राहतो आणि संध्याकाळपर्यंत वॉर्डातच असतो. अशाच एका पहाटे एक पहिल्या वर्षाची मुलगी माझ्या टेबलापाशी बसून रक्ताच्या बल्बवर, म्हणजे नमुन्याच्या नळ्यांवर, नावे लिहीत होती. लिहिता लिहिता तिचा डोळा लागला आणि पेनाची रेघ लेबलवरून खाली घसरत गेली. मी बल्ब उचलून केसपेपरशी ताडून पाहिले. रक्त जुळवून पाहण्याच्या, म्हणजे क्रॉसमॅचच्या, बल्बवर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे नाव होते. तो तसाच रक्तपेढीत गेला असता तर चुकीच्या गटाचे रक्त चढून माणूस दगावू शकला असता. मुलगी हुशार होती, कामसू होती. पण आदल्या सकाळपासून तिने पाठ टेकली नव्हती.

तो बल्ब रक्तपेढीत पोचवायलाही तीच निघाली होती, कारण रात्रपाळीला वॉर्डात मामा, म्हणजे वॉर्डबॉय, नव्हता. ईसीजी तीच काढणार, ट्रॉली तीच ढकलणार, एक्स-रेची फिल्मही तीच आणणार. चतुर्थश्रेणीची पदे वर्षानुवर्षे रिकामी आणि सहायक प्राध्यापकांच्या जागा कंत्राटावर. शिकायला आलेली मुले या रिकाम्या खुर्च्यांचा भार वाहतात आणि त्यालाच आपण प्रशिक्षण म्हणतो. मग त्यांना शिकवायचे कोणी, आणि केव्हा?

पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा घोळही शेवटी वॉर्डातच येऊन पडतो. २०२१ ची नीट-पीजी एप्रिलवरून सप्टेंबरवर गेली, पुढे आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि समुपदेशन सुरू व्हायला २०२२ चा जानेवारी उजाडला. तेवढे महिने नवी बॅच आली नाही आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी आपले काम सांभाळून पहिल्या वर्षाचेही ओढले. २०२४ साली २३ जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली, ती झाली ११ ऑगस्टला. दूर गावच्या केंद्रावर जाऊन उतरलेल्या मुलांनी त्या रात्री काय करायचे होते?

हीच दिरंगाई शिक्षण संपल्यावरही दिसते. पदवीनंतर सरकारी सेवेचे बंधपत्र असते. ते मला मान्य आहे. सरकारच्या पैशावर शिकलात तर गावात एक वर्ष द्या. पण मग नेमणुकीचा आदेश वेळेवर निघाला पाहिजे. मुले तयार, तालुक्याच्या रुग्णालयात जागा रिकामी, आणि मध्ये फाइल अडकलेली, हे मी आमच्याच मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात, आम्हीही असेच शिकलो. खरे आहे. त्यांच्यातल्या काहींना मी त्यांच्या पहिल्या वर्षात पाहिले आहे. झोपेअभावी त्यांच्या हातूनही चुका होत होत्या, आणि त्या पेशंटना भोगाव्या लागत होत्या.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक वॉर्डात निवासी डॉक्टरांच्या येण्या-जाण्याचे मस्टर ठेवा आणि अधिष्ठात्यांनी ते तास दर महिन्याला जाहीर करावेत. रात्रपाळीची पदे आधी भरा. आणि वाचकहो, तुमचे माणूस सरकारी दवाखान्यात असेल आणि डॉक्टर यायला उशीर झाला, तर त्याच्या अंगावर धावून जाऊ नका. या वॉर्डात किती पदे रिकामी आहेत, हे लेखी अर्ज करून अधीक्षकांना विचारा.