आगगाडीच्या गोष्टीतली आई



सुट्टी लागली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. लोणच्याला बुरशी का आली, गव्हात किडे का झाले हे प्रश्न मागे पडतात आणि "शाळेनं वाचायला पुस्तक दिलंय, मुलगा हात लावत नाही" ही तक्रार पुढे येते. या वेळी एका भगिनीचं पत्र मात्र थोडं वेगळं आहे. मुलगा सातवीत, इंग्रजी माध्यमात. सुट्टीनंतर अभ्यासाला ई. नेसबिट या लेखिकेचं 'द रेल्वे चिल्ड्रन' आहे. गोष्टीत आगगाडी आहे, बोगदा आहे, जंगलझाडी आहे, म्हणून मुलगा खूश. पण आईनं पुढचं चाळून पाहिलं तर गोष्टीतले वडील तुरुंगात! सासूबाई म्हणाल्या, "असलं कशाला वाचायला द्यायचं पोराला?" ती विचारते, "तेवढा भाग गाळून शिकवला तर चालेल का?" आणि शेवटी एक ओळ, "आमच्याकडेही सध्या जरा..." त्यापुढे तीन टिंबं आणि सही.

त्या तीन टिंबांसाठी मी हे पुस्तक पुन्हा बैठक मारून वाचलं. आधी अभ्यासाचं बोलू, मग टिंबांचं.

पुस्तक जुनं आहे. १९०५ साली लंडनच्या एका मासिकात क्रमशः आलं आणि १९०६ साली पुस्तकरूपानं निघालं. प्रकरणं चौदा. लंडनमध्ये सुखात राहणारं एक कुटुंब, तीन मुलं: मोठी रॉबर्टा, तिला सगळे बॉबी म्हणतात, मधला पीटर आणि धाकटी फिलिस. पीटरच्या वाढदिवसाला मिळालेलं खेळण्यातलं इंजिन मोडतं, वडील म्हणतात शनिवारी दुरुस्त करून देतो. त्याच सुमारास एका संध्याकाळी दोन माणसं घरी येतात आणि वडील त्यांच्याबरोबर निघून जातात. आई मुलांना एवढंच सांगते की कामाच्या बाबतीत वाईट बातमी आहे, तुम्ही मला प्रश्न विचारू नका. मोठं घर सुटतं. आई मुलांना घेऊन खेड्यात, टेकडीवरच्या एका घरात राहायला येते. खाली रेल्वेमार्ग, स्टेशन, बोगदा आणि पलीकडे कालवा.

मुलाला पहिल्याच दिवशी एक नकाशा काढायला सांगा. घर, उतार, स्टेशन, टेकडी कापून काढलेला रेल्वेमार्ग, बोगदा, कालवा. प्रत्येक प्रकरण वाचून झालं की त्या जागी खूण करायची. इंग्रजी अडलं तरी नकाशा अडत नाही, आणि पान कुठलं चाललंय हे कुकर लावता लावतासुद्धा तुम्हाला समजतं. 'अप' आणि 'डाऊन' हे शब्द येतील. लंडनकडे जाते ती अप. आपल्याकडेही हे शब्द रेल्वेबरोबरच आले, ते आजतागायत आहेत. मुलाला हे सांगितलं की परक्या गोष्टीतली गाडी जरा घरची वाटू लागते.

सगळ्यात रंगतं ते सहावं प्रकरण. मुलं रानातल्या चेरी आणायला निघतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत टेकडीच्या उतारावरची झाडं हलायला लागतात. वारा नाही, काही नाही आणि झाडं चालू लागल्यासारखी खाली सरकतात! दरड कोसळून रुळांवर येते. गाडी यायची वेळ झालेली. मुली अंगातले लाल फ्लॅनेलचे परकर काढतात, ते फाडून निशाणं करतात आणि बॉबी रुळांवर उभी राहून ती हलवत राहते. गाडी थांबते. आपल्या मुलांना दरड नवीन नाही. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात आणि भर पावसात रात्री माणसं रुळांच्या कडेनं गस्त घालत चालत असतात. ते का, हे या प्रकरणानंतर मुलगा तुम्हाला समजावून सांगेल. पण इथे आईच्या नात्यानं एक स्पष्ट सांगून टाकायचं. गोष्टीतली मुलं रुळांवरून हिंडतात, आपण हिंडायचं नाही. आपल्या १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. आणि गुन्ह्याचं जाऊ द्या, विजेवरची गाडी अंगावर येईपर्यंत कळत नाही. काही गडबड दिसलीच तर फाटकावरच्या माणसाला किंवा स्टेशनात जाऊन सांगायचं.

आता खरं सांगू? मुलांना झेंडे आवडतात, मला त्यातलं घर आवडलं. नव्या घरातल्या पहिल्या रात्री कामवाल्या बाईनं ठेवलेलं जेवण त्यांना सापडतच नाही. बांधून आणलेल्या खोक्यातली बिस्किटं आणि डब्यातले मासे खाऊन सगळे झोपतात, आणि सकाळी दुसऱ्या खोलीत मांडून ठेवलेलं अख्खं जेवण दिसतं. बदलीच्या गावी गेलेल्या कुठल्या बाईला हे वाचून हसू येणार नाही? मग काटकसर सुरू होते. पावाला लोणी लावा नाहीतर जॅम लावा, दोन्ही एकदम परवडत नाही. कोळसा महाग म्हणून शेकोटी बंद. आई दिवसभर, रात्री दिवा लावून, गोष्टी लिहिते आणि मासिकांना पाठवते. गोष्ट विकली गेली तर त्या दिवशी चहाबरोबर गोड पाव. परत आली तर नाही. मुलांना पैशाचा हिशेब कोणी शिकवत नाही, त्यांना तो चहाच्या बशीवरून कळतो. स्वतः लेखिकेचा संसारही असाच लेखणीवर चाललेला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा देवीच्या रोगानं आजारी पडला, भागीदारीतला धंदा बुडाला आणि तिनं लिहून, शुभेच्छापत्रं रंगवून घर चालवलं. त्यामुळे या आईची दमणूक खोटी वाटत नाही.

मधल्या प्रकरणांत तुम्ही मुलाशी जरूर बोलावं अशा दोन जागा आहेत. आईला फ्लूचा ताप येतो, डॉक्टर लिहून देतात त्या वस्तू परवडणाऱ्या नसतात. मुलं रोज ज्या गाडीला हात हलवतात त्या गाडीतल्या एका वृद्ध गृहस्थाला चिठ्ठी लिहितात आणि टोपलीभर सामान घरी येतं. आई बरी झाल्यावर हे समजतं तेव्हा ती मुलांवर रागावते, आणि मग रडते. परक्यापुढे हात पसरायचा नाही, हे तिचं म्हणणं. आपल्या घरांतून काय वेगळं सांगतात? पुढे स्टेशनवरचा हमाल पर्क्स, त्याचा वाढदिवस मुलं गावभर हिंडून वस्तू गोळा करून साजरा करतात, तर तो बिथरतो. त्याला ती भीक वाटते. मग बॉबी प्रत्येक वस्तूबरोबर देणाऱ्यानं काय म्हटलं होतं ते वाचून दाखवते, तेव्हा त्याला समजतं की ही कीव नाही, मान आहे. मुलाला विचारा, "आईचा राग आणि पर्क्सचा राग एकच का?" याचं उत्तर बाजारातल्या मार्गदर्शिकेत सापडायचं नाही. मुलगा दोन दिवसांनी जेवताना देईल. थांबा तेवढं.

आणि आता तो तुरुंग. दहावं प्रकरण. पीटरच्या पायाला बागेतलं दाताळं लागलेलं असतं. त्याला चित्रं बघायला म्हणून पर्क्स जुनी मासिकं देतो, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून. त्या कागदावर बॉबीला आपल्या वडिलांचं नाव दिसतं. सरकारी गुपितं विकल्याचा आरोप, खटला, पाच वर्षांची सक्तमजुरी. (फ्रान्समध्ये ड्रायफस नावाच्या लष्करी अधिकाऱ्यावर १८९४ साली असाच खोटा आरोप शाबीत झाला होता, तो निर्दोष ठरला १९०६ साली, म्हणजे हे पुस्तक निघालं त्याच वर्षी. मुलाला हे आवडेल.) बॉबी तो कागद घेऊन आईकडे जाते. आई सगळं सांगते. आणि त्यानंतर बॉबी काय करते, तर धाकट्या दोघांना काही कळू देत नाही.

हे गाळायचं? हे गाळलं तर उरतं काय? झेंडे आणि चेरी!

एका वहीच्या पानावर उभे चार रकाने आखा. आई, बॉबी, पीटर, फिलिस. प्रत्येक प्रकरणानंतर मुलानं लिहायचं: वडिलांबद्दल या घडीला कोणाला काय ठाऊक आहे? सुरुवातीला बॉबीच्या रकान्यात 'काही नाही' असं येईल. मग मागे जाऊन बघायला सांगा. खरंच काही नाही? आईचे डोळे लाल दिसले तरी बॉबीनं न पाहिल्यासारखं केलं, ते कशासाठी? मुलगा रकाना खोडून पुन्हा लिहील. माझ्या मते या पुस्तकाचा सगळा अभ्यास त्या खोडाखोडीत आहे.

हे मी एवढं ठामपणे का म्हणते ते आता सांगते. तीन टिंबांची गोष्ट.

१९९१ साली ह्यांच्या कचेरीत हिशेबात रक्कम कमी भरली. कचेरीचं नाव सांगत नाही, आता त्यात अर्थ नाही. चौकशी होईपर्यंत ह्यांना घरी बसवलं. आमची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. आम्ही दोघांनी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. हे रोज नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघायचे, दिवसभर नगर वाचनालयात बसायचे आणि सहाला घरी. मी दूध अर्ध्यावर आणलं, कामवाली बंद केली, "मला व्यायाम हवा" म्हणून सांगितलं. दिवाळीला मुलीला फ्रॉक घेतला नाही, तर ती म्हणाली, "जुनाच छान आहे गं, नवे टोचतात." मला वाटलं, किती समंजस पोर! सात महिन्यांनी ह्यांच्यावरचा ठपका पुसला गेला, कामावर घेतल्याची चिठ्ठी आली. त्या रात्री आम्ही तिला सगळं सांगितलं. ती जेवता जेवता म्हणाली, "मला गणपतीपासून माहीत होतं. वर्गातल्या मुलीनं सांगितलं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

गणपती ते फाल्गुन. एवढे महिने ती पोर रोज बाबांना दारापर्यंत सोडायला जायची, "डबा घेतलात ना?" विचारायची, आणि सगळं जाणून होती. एकटी. वर्गात तिला आणखी काय काय ऐकावं लागलं ते मी आजवर पूर्ण विचारलेलं नाही. बॉबीच्या हातात तो वर्तमानपत्राचा कागद आला तेव्हा मला आमच्या दारातली ती फ्रॉकमधली मुलगी दिसली आणि पुस्तक पालथं घालून मी थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले.

गोष्टीतली आई चुकली असं मी म्हणणार नाही. तिला आधार नव्हता, तिन्ही मुलं लहान, आणि मुलांनी त्या टेकडीवर हसतखेळत राहावं म्हणून तिनं तोंड मिटलं. धाकट्यांपासून तर ती शेवटपर्यंत लपवते आणि मला ते पटतं. पण मोठीला तिनं आधी आपणहून जवळ घेऊन सांगितलं असतं तर? निदान रद्दीच्या कागदावर तरी ते वाचावं लागलं नसतं. याबाबत तुमचं मत निराळं असू शकेल. सासूबाईंचंही असेल, आणि त्यांनाही संध्याकाळी वाचायला जवळ बसवा. गाड्यांच्या, दरडींच्या गोष्टी त्यांच्याकडेही असतील.

तेव्हा, टिंबं लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणी, तुमच्या घरी काय चाललंय ते मला ठाऊक नाही आणि इथे छापून विचारणार नाही. फक्त एवढं करा. दहावं प्रकरण मुलाबरोबर दुपारी वाचा, रात्री झोपेच्या वेळी नको. घाई नसेल असा दिवस निवडा. त्याला विचारा, "बॉबीनं आईला विचारलं ते बरं केलं का?" आणि त्यानं पुस्तकाबाहेरचं काही विचारलं तर "आत्ता नको" म्हणू नका. त्याच्या वयाला झेपेल तेवढंच सांगा, पण सांगाल ते खरं असू द्या. बाबांची तब्येत असो, नोकरी असो, कर्ज असो. "अजून ठरलेलं नाही, कळलं की तुला सांगेन," हेसुद्धा खरंच उत्तर आहे. आणि ते बाहेर कोणाला सांगायचं, कोणाला नाही, हेही त्याच्याशी बोलून ठरवा. म्हणजे त्याला एकट्याला ते ठरवावं लागणार नाही.

एक शेवटचं. चौदावं प्रकरण मुलाला स्वतः वाचू द्या, अर्थ सांगू नका, शब्द अडला तर अडू द्या. बॉबी स्टेशनवर जाते, गाडी थांबते, आणि कोण उतरतं ते त्याचं त्याला कळू दे. लेखिका स्वतःसुद्धा त्या घराच्या दारापाशी थांबते, आत येत नाही. त्या वेळी तुम्ही काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जा. हाक आली की बाहेर या.