बुलेटचा सायलेन्सर आणि गावाची झोप

मुळशी तालुक्यात भातखाचराच्या बांधाला एके काळी सायकल टेकलेली दिसायची. मग राजदूत आली, एम-८० आली, तिच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लोंबू लागले. आता बांधावर बुलेट उभी असते. त्यात वावगे काही नाही. गाडी कष्टाच्या पैशातून आलेली असो की हिंजवडी-पिरंगुटकडची गुंठेवारी विकून, ज्याची हौस त्याला. अडचण पुढे सुरू होते. शोरूममधून गाडी आली की महिन्याभरात पोरगं पुण्याला जाऊन सायलेन्सर बदलून येतं, आणि त्या रात्रीपासून सगळी आळी जागी राहते.

वाचकहो, सायलेन्सर बदलूच नये असे आमचे म्हणणे नाही. आपल्याकडचा पाऊस लोखंडाला धड ठेवत नाही. शिवाय पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. घर ते डेअरी एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीची नळी पुरती तापत नाही, ती वाफ आतच पाणी होऊन साचते आणि पत्रा आतून कुजतो. तेव्हा नवा घेणे कधी ना कधी येतेच. प्रश्न इतकाच, की निवडायचा कशावरून? आज पोरं निवडतात ती आवाजावरून, आणि नेमके तिथेच चुकते.

सायलेन्सर करतो काय, ते आधी पाहू. बुलेटच्या इंजिनाला एकच सिलिंडर. दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. त्या स्फोटाचा धूर जोराने बाहेर पडतो, तो आतल्या कप्प्यांतून आणि जाळ्यांतून फिरवून शांत करायचा, हे सायलेन्सरचे काम. 'पंजाब', 'इंदोरी' अशा नावांनी जो माल विकला जातो, त्यात हे कप्पे नावालाच असतात. म्हणजे पैसे मोजून आपण सायलेन्सर नव्हे, पोकळ नळी आणतो.

दुकानदार सांगतो, "भाऊ, गाडी मोकळी पळंल, पिकअप वाढंल." साडेतीनशे सीसीची बुलेट सुमारे वीस हॉर्सपॉवरची. नुसती नळी मोकळी करून त्यात जाणवण्याजोगी भर पडत नाही. उलट कमी वेगात लागणारी ओढ, म्हणजे चढावर डबलसीट जाताना लागते ती, कमी होऊ शकते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला जेट न बदलता अशी नळी लावली, तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, इंजिन जादा तापते आणि अॅक्सिलेटर सोडला की नळीत फटाके फुटतात. पोरांना ती मर्दुमकी वाटते. मेकॅनिकला विचारा, तो त्याला बिघाड म्हणेल. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांचे तर गणितच निराळे. धूर मोजणारा ऑक्सिजन सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर धुराच्या वाटेवरच बसवलेले असतात. वाटेत कापाकापी केली, की पेट्रोलचा हिशेब बिघडतो, पीयूसी अडते आणि कंपनीची वॉरंटीही हातची जाते.

आता कायद्याचे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो, की प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवा. यात शेतीचा ट्रॅक्टरही आला, हे आपणही ध्यानात ठेवावे. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला कारखान्याच्या चाचणीत आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. डेसिबलचे माप साधे नव्हे. दहाने वाढले, की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलच्या वर आवाज नसावा, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने आवाज-धुराचे नियम मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसनला तीन महिन्यांची अपात्रता अशी तरतूद केली. कलमातले शब्द नीट वाचावेत. चालवणारा तर आलाच, चालवू देणाराही आला. गाडी वडिलांच्या नावावर असली, तर चलनाचा मेसेज त्यांच्याच मोबाइलवर येणार.

कोणी म्हणेल, मोठ्या आवाजाने समोरचा सावध होतो, अपघात टळतो. पण नळीचे तोंड मागे असते, आणि काचा बंद केलेल्या मोटारीत आवाज जातो तो गाडी जवळ आल्यावर. ताम्हिणीच्या धुक्यात दिवा, वळणावरचा हॉर्न आणि हातातला वेग, हेच जीव वाचवतात.

आवाजाने गोठ्याचेही नुकसान होते. धार काढताना जनावर दचकले की पान्हा चोरते. पहाटे आणि तिन्हीसांजेला, नेमके धारेच्या वेळी, गाडी आळीतून फटफटत जाते. बाळंतीण, आजारी म्हातारी, दहावीचा अभ्यास करणारी मुलगी यांचे तर बोलायलाच नको.

तेव्हा सायलेन्सर घ्यायचाच, तर तो आपल्याच मॉडेलचा, मूळ कंपनीचा घ्या. गाडी जुनी कार्बोरेटरची, बीएस-४ की बीएस-६, ते आरसी बुकावर पाहून सांगा. पक्के बिल मागा आणि आवाज-धुराच्या नियमात बसतो हे लेखी मागा. लेखी देत नसेल तर दुकान सोडा. "पोलिस दिसले की जाळी बसवा, मग काढा," असे जो सांगतो, त्याचा माल काय लायकीचा ते त्यानेच कबूल केले. पोटरी भाजणार नाही, पेंढ्याला चटका लागणार नाही, असे उष्णतेचे कव्हर आहे की नाही, तेही बघा.

सरपंच आणि पोलिस पाटील यांना दोन शब्द. वाहन तपासण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही, तो पोलिसांचा आणि आरटीओचा. पण ग्रामसभेत विषय घेणे, शाळा आणि आरोग्य केंद्राजवळ फलक लावणे, गावातल्या गॅरेजवाल्याला बोलावून समज देणे, आणि तरीही न ऐकणाऱ्याच्या गाडीचा नंबर पोलिस ठाण्याला कळवणे, हे आपल्या हातात आहे. पुण्यात जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोलरखाली चिरडले. ती वेळ आपल्या पोरांवर कशाला येऊ द्यायची?

पावसाळ्यात शनिवार-रविवारी शहरातल्या गाड्या पौडमार्गे ताम्हिणीला जातात, तेव्हा आपण सगळेच कुरकुरतो. कुरकुर रास्त आहे. पण त्यांना थांबवायला हात वर करायचा, तर आपल्या आळीतली बुलेट आधी गप्प असली पाहिजे. नाहीतर आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असे व्हायचे. बुलेटचा मूळचा ठोका काही कमी रुबाबदार नाही. तो लांबून ओळखू येतो, आणि त्याने कुणाची झोपही मोडत नाही.