संभाव्यतेचा धाक

‘कलर ऑफ नाइट’ हा रिचर्ड रश यांचा १९९४ सालचा रहस्यपट वाईट आहे, याविषयी जाणकारांत सहसा दुमत आढळत नाही. त्या वर्षीच्या सर्वांत निकृष्ट चित्रपटाचा ‘गोल्डन रॅस्पबेरी’ हा उपहासात्मक पुरस्कारही त्याच्या वाट्याला आला. मला तो आवडतो. ‘वाईट आहे, पण आवडतो’ असे म्हणून सुटका करून घेण्याची सोय मी नाकारतो. कारण आस्वाद आणि मूल्यनिर्णय यांची फारकत करणाऱ्या आपल्या समीक्षाव्यवहाराचा दांभिकपणा त्या ‘पण’मध्येच दडलेला आहे.

रुग्णाने डोळ्यांदेखत खिडकीतून उडी घेतल्याच्या धक्क्याने मानसोपचारतज्ज्ञ कापा (ब्रूस विलिस) याला लाल रंग दिसेनासा होतो. पुढे लॉस एंजेलिसमधील मित्राचा खून होतो आणि त्या मित्राचा रुग्णगट कापाकडे येतो. या गटातील रिची नावाचा अबोल तरुण आणि कापाची प्रेयसी रोझ (जेन मार्च) ही वस्तुतः एकच व्यक्ती असते. गटातील इतरांचीही निरनिराळ्या नावांनी तीच प्रेयसी! प्रेक्षकाला जे सहज ओळखता येते ते मनाच्या डॉक्टरला ओळखता येऊ नये, हे कसे शक्य आहे, असा टीकाकारांचा रोकडा प्रश्न आहे.

‘संगीत सौभद्र’मधील संन्यासी अर्जुन आहे हे १८८२पासून प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक आहे, सुभद्रेला ते कळत नाही म्हणून कोणी नाटक मोडीत काढले नाही. ‘तेथे नाट्यसंकेत आहे, येथे वास्तवाचा आव आहे,’ असे यावर म्हटले जाईल. परंतु नायकाला रक्ताचा रंगच दिसत नाही, हे सांगून या चित्रपटाने आपला संकेत आरंभीच जाहीर केलेला आहे. येथे प्रत्येकजण आपल्या वासनेला हवे तेवढेच पाहतो. मृत भावाच्या रूपात वावरायला भाग पाडलेली रोझ कोणालाच दिसत नाही. न ओळखणे ही कथानकातील चूक नव्हे, तेच आशयसूत्र आहे. पटणारे अशक्य हे न पटणाऱ्या शक्याहून बरे, हे अॅरिस्टॉटलने सांगून ठेवलेलेच आहे.

दोष आहेतच. मानसोपचाराचे चित्रण उथळ आहे. शिवाय ज्या आंधळेपणावर चित्रपट बोट ठेवतो, स्त्रीदेह न्याहाळणारा त्याचा कॅमेरा त्याच आंधळेपणात सामील आहे. मात्र हे आक्षेप चित्रपट मनापासून पाहणाऱ्यालाच सुचतात. ‘असे कुठे घडते का?’ म्हणून हसणारा तिथवर पोहोचतच नाही.

प्रश्न एका चित्रपटापुरता नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी स्वतःचा अनुभव सांगण्याआधी कलाकृतीची प्रतिष्ठा विचारून घेतो. ही सावधगिरी त्याला आम्हीच शिकवली आहे. आवडल्याची लाज बाळगणारा वाचक पुढे न आवडलेल्याचीही स्तुती करू लागतो. अशा वाचकाच्या हाती समीक्षा सोपवायची आहे काय?