आजोबा ‘आर’ का झाले?



माझी नात मराठी माध्यमात पाचवीला आहे. चाचणीत ‘माझे कुटुंब’ या विषयावर पाच वाक्यं लिहायची होती. तिने लिहिलं, ‘माय ग्रँडफादर आर अ टीचर’. बाईंनी ‘आर’ लाल शाईने खोडून वर ‘इज’ लिहिलं, अर्धा गुण कापला आणि समासात शेरा मारला : ग्रामर कच्चं. अर्ध्या गुणाबद्दल माझी तक्रार नाही, वाक्य चुकलंच आहे. तक्रार शेऱ्याबद्दल आहे.

हे ‘आर’ आलं कुठून? ‘आजोबा शिक्षक आहे’ असं आमच्या घरात कोणी बोलत नाही. आजोबा ‘आहेत’. माणूस एक, क्रियापद अनेकवचनी, कारण मान द्यायचा असतो. पोरीने तो मान तसाच इंग्रजीत नेला. तिचं व्याकरण खरंच कच्चं असतं, तर ही चूक तिला सुचलीच नसती.

आणि इंग्रजीने तरी दुसरं काय केलं? ‘यू’ मूळचं अनेकवचन, एकट्यासाठी ‘दाउ’ होतं. मोठ्यांना आदराने ‘यू’ म्हणता म्हणता ‘दाउ’ रोजच्या बोलण्यातून गेलं, आणि समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’ म्हणायची रीत कायम झाली. म्हणजे आपलं ‘तुम्ही आहात’च.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण कर्ता-क्रियापदाचा मेळ अजून एकाच गुरुकिल्लीवर चालतो : नामाला ‘एस’ असेल तर क्रियापदाला नको, क्रियापदाला असेल तर नामाला नको. मीही तीस वर्षं हेच घोकून घेतलं, तेव्हा दोष माझाही. ही किल्ली ‘न्यूज इज’पाशी अडकते, ‘मॅथेमॅटिक्स इज’पाशी अडकते. ‘चिल्ड्रन’ला तर ‘एस’च नाही. आणि मुलांच्या खऱ्या चुका तिथे होतच नाहीत, त्या होतात मराठी आणि इंग्रजीचा हिशोब जुळत नाही तिथे. आपले केस पांढरे ‘होतात’, इंग्रजीत ‘हेअर इज’. आपले पैसे ‘संपतात’, त्यांचा मनी एकवचनी. उलट आपली कात्री एक, चष्मा एक, पॅन्ट एक; तिकडे तिन्ही अनेकवचनी. गल्लीत एकच हवालदार शिरला तरी आपण ‘पोलीस आला’ म्हणतो, पण इंग्रजीत ‘पोलीस आर’. अशा सात-आठ शब्दांचा तक्ता फळ्यावर मांडला, तर एका तासात जे उमगेल ते वर्षभर लाल शाई वापरून उमगत नाही.

इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं, मराठी मध्ये आली की मूल भाषांतर करत बसतं, असं काही जण म्हणतील. अहो, ते तसंही करतंच आहे, फक्त आपल्याला न सांगता. शिवाय ज्या मुलाला ‘राजूने भात खाल्ला, पोळी खाल्ली, पोळ्या खाल्ल्या’ हे शाळेत यायच्या आधीपासून बिनचूक येतं, त्याला वचनाचा मेळ नवा नाही. इंग्रजीतलं ‘एट’ तिन्ही ठिकाणी जागचं हलत नाही. आपल्या मुलांना इंग्रजीचं हे व्याकरण खरं तर सोपं वाटायला हवं.

बाकी इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत आहे असं नाही. ब्रिटिश समालोचक ‘इंडिया आर’ म्हणतात, कारण डोळ्यांपुढे अकरा जण असतात; अमेरिकी माणूस संघाला सहसा ‘इज’ लावतो. आमच्या नातीने क्रिकेटवर निबंध लिहिला, तर बाई काय करतील कोण जाणे!

शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की खोडण्याआधी ‘हे तू का लिहिलंस?’ असं एकदा विचारा. मी घरी नातीला विचारलं, ‘आर’ आणि ‘इज’ची सगळी हकिगत सांगितली. तिने निमूटपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे आबा, इंग्रजीत मी तुम्हाला ‘अरे-तुरे’ करायचं?”

– एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, कराड