‘यांना निवडून कोणी दिले?’

‘यांना निवडून कोणी दिले?’ हा प्रश्न आमच्या अधिकारी-बांधवांच्या तोंडी अलीकडे फार येऊ लागला आहे. एखादी नागरिक-संघटना कायद्याचा मसुदा घेऊन सचिवालयात येते. तिला बसवून चहा दिला जातो, मसुदा ठेवून घेतला जातो, ‘अवश्य विचार करू’ असे आश्वासनही मिळते. मंडळी जिना उतरली की दुसरा चहा येतो, आणि त्या दुसऱ्या चहाबरोबर हा प्रश्न येतो. कायदे करण्यास विधानसभा आहे, मसुदे रचण्यास विधी विभाग आहे, धोरण ठरविण्यास मंत्रिमंडळ आहे; मग या झोळीवाल्यांचे येथे काय काम? प्रश्न बिनतोड वाटतो. तो तसा नाही, आणि मराठी अधिकाऱ्याच्या तोंडी तर तो मुळीच शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते आम्ही राजस्थानच्या उदाहरणावरून मांडणार आहोत; कारण या प्रश्नाचे उत्तर त्या प्रांताने गेल्या पस्तीस वर्षांत जितके सविस्तर दिले आहे, तितके क्वचितच दुसऱ्या कोणी दिले असेल.

आजच्या राजसमंद जिल्ह्यातील भीम या गावी १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत अरुणा रॉय होत्या. १९६८ साली भारतीय प्रशासन सेवेत येऊन १९७५ साली त्यांनी ती सोडली होती. म्हणजे फाइलीची चाल त्यांना ठाऊक नव्हती, असे कोणी म्हणू नये. प्रश्न होता किमान वेतनाचा. दुष्काळी कामावर दिवसभर माती उपसणाऱ्या मजुरास ठरलेली मजुरी मिळत नसे. कारण विचारले, तर ‘कागदावर तुझे काम कमी भरले आहे’ असे उत्तर मिळे. आणि ‘मग तो कागद दाखवा’ म्हटले, तर तो कागद सरकारी गुपित ठरे. हजेरीपट, ज्याला आपण सारे ‘मस्टर’ म्हणतो, तो ज्याची हजेरी त्यात आहे त्यालाच पाहता येऊ नये, ही अवस्था इतकी अंगवळणी पडली होती की तीत काही विपरीत आहे असे कोणास वाटतही नव्हते.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे संघटनेने पहिली ‘जनसुनवाई’ भरविली. या सभेची रीत समजून घेण्याजोगी आहे. तीत भाषणे थोडी आणि वाचन फार. मिळवलेल्या कागदांतील नावे गावासमोर एकेक करून मोठ्याने वाचावयाची आणि ज्याचे नाव निघेल त्याला विचारावयाचे: तू या कामावर होतास काय? एवढे पैसे तुला मिळाले काय? कामावर कधी न गेलेल्यांची नावे निघाली. कागदावर पुरी झालेली कामे जमिनीवर अपुरी निघाली. लेखापरीक्षणाच्या शास्त्रात याहून सोपी आणि याहून कडक रीत आम्हांस ठाऊक नाही. महालेखापालाच्या कचेरीत उमर घालविलेल्या आमच्या वाचकांनी तरी याची साक्ष द्यावी.

पुढचा इतिहास आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी स्थानिक विकासकामांच्या कागदांच्या नकला नागरिकांना मिळतील, अशी घोषणा विधानसभेत केली. वर्ष उलटले, आदेश निघाला नाही. तेव्हा ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरातील चांग गेटपाशी संघटनेने ४० दिवस धरणे धरले आणि त्या व्यापारी गावाने खेड्यांतून आलेल्या मजुरांना धान्य आणि भाजीपाला पुरविला. १९९७ साली जयपुरात पुन्हा ५३ दिवस धरणे. त्याच्या अखेरीस सरकारने काय जाहीर करावे? तर नकला देण्याचा आदेश सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात प्रसिद्ध झाला आहे! माहिती देण्याचा आदेश हीच अशी माहिती होती की जी कोणास देण्यात आली नव्हती. उन्हात बसलेल्या लोकांना ती नव्हतीच. पण निवडून आलेल्या आमदारांपैकी एकाने तरी त्या ५३ दिवसांत उठून ‘अहो, हा आदेश निघाला आहे’ असे सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही. ‘निवडून कोणी दिले’ असे विचारणाऱ्यांनी या प्रसंगापाशी क्षणभर थांबावे. निवडून दिलेले होते, नेमलेलेही होते. नव्हता तो फक्त कागद मागणारा.

राजस्थानचा माहिती अधिकाराचा कायदा २००० साली संमत झाला, देशाचा २००५ साली. या दोहोंच्या मागे जो विचारविनिमय झाला, त्याचा एक टप्पा १९९५ साली मसुरीच्या लालबहादूर शास्त्री राष्ट्रीय प्रशासन अकादमीतच पार पडला होता. अधिकारी आणि कार्यकर्ते तेथे एका टेबलाभोवती बसले होते. पुढे १९९६ साली प्रेस कौन्सिलने न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखाली मसुदा तयार केला. सावंत मराठी होते, हे आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु अभिमान सांगून झाल्यावर त्यांनी केले ते आपण का करीत नाही, हा प्रश्न उरतोच.

आता मराठी अधिकाऱ्याला हा आक्षेप का शोभत नाही ते सांगितले पाहिजे. परप्रांतातील आपल्या प्रत्येक मंडळात रानड्यांची तसबीर असते आणि गणेशोत्सवात निदान एक व्याख्यान पुण्याच्या सार्वजनिक सभेवर होते. २ एप्रिल १८७० रोजी ही सभा निघाली कशातून? पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून. म्हणजे एका देवस्थानाचा हिशेब नीट नाही, एवढ्या स्थानिक गोष्टीतून! भीमचे मस्टर आणि पर्वतीचा हिशेब यांत आम्हांस तरी फारसा फरक दिसत नाही. गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, यांना ‘तुम्हांला निवडून कोणी दिले’ हा प्रश्न येणार हे आधीच कळले होते. म्हणून सभेने ६,००० वर लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रे घेतली आणि ९५ प्रतिनिधी नेमले. त्या काळी सरकारने नेमलेल्या कौन्सिलरांपाशी तेवढाही आधार नव्हता. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडली, पिकांची, भावांची, कामावरच्या मजुरीची माहिती त्यांनी गोळा केली आणि मुंबई सरकारला पत्रांमागून पत्रे पाठविली. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले.

त्या त्रैमासिकाचे कितीतरी लेख ज्यांच्या हातचे, ते रानडे सरकारी न्यायाधीश होते. १८७८ साली त्यांची नाशिकला, १८७९ साली धुळ्याला बदली झाली आणि त्यामागे सरकारचा संशय होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बदलीची किंमत काय असते, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. पुढे सभा टिळकांच्या हाती आली. १८९६ च्या दुष्काळात तिने शेतकऱ्यांना सरकारच्याच फॅमिन कोडातील तरतुदी समजावून सांगण्यास प्रारंभ केला. आणि १८९७ साली मुंबई सरकारने जाहीर केले की, धोरणाच्या बाबतीत सरकारला निवेदने करण्याचा या सभेचा अधिकार यापुढे मानला जाणार नाही. सरकारने छापलेला नियम लोकांना वाचून दाखविणे, एवढाच तो अपराध. ‘यांचा संबंध काय?’ हा प्रश्न आपल्या इतिहासात सर्वांत अधिकृतपणे कोणी विचारला, ते आता वाचकांच्या ध्यानी आले असेल. मंडळात सभेची स्तुती करावयाची आणि कचेरीत मुंबई सरकारची भाषा बोलावयाची, हे एकाच माणसाला कसे साधते याचे आम्हांस कोडे आहे.

असो. आक्षेपांपैकी एक मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. सूचना एवम् रोजगार अधिकार अभियान या नावाने राजस्थानातील अनेक संघटना एकत्र आल्या आहेत. डिसेंबर २०१५ पासून १०० दिवस त्यांनी राज्यातील तेव्हाच्या ३३ जिल्ह्यांत ‘जवाबदेही यात्रा’ काढली. ठिकठिकाणी लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या आणि त्यांचे पुढे काय होते याचा माग ठेवला. त्या अभ्यासातून जवाबदेही कायद्याची मागणी पुढे आली. तिचे सार असे: तक्रारीची पोच मिळावी, ठरलेल्या मुदतीत सकारण लेखी उत्तर मिळावे, तक्रारदाराला समक्ष सांगण्याची संधी असावी, अपील ज्या विभागाविरुद्ध तक्रार आहे त्याच विभागात न राहता स्वतंत्र अधिकाऱ्याकडे जावे, आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्यास दंड असावा. यावर आमचे मित्र म्हणतात, दंडाची तलवार टांगली की अधिकारी निर्णयच घेईनासा होईल. जो काही करतो त्याचेच चुकते, न करणाऱ्याचे कधी चुकत नाही.

हे म्हणणे अनुभवाचे आहे आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. परंतु मागणीचे शब्द नीट पाहावेत. दंडाचा रोख निर्णय चुकला यावर नसून उत्तरच दिले नाही यावर आहे. न करणाऱ्याचे कधी चुकत नाही, ही जी आपली जुनी तक्रार, तिच्यावरच हा उपाय आहे! २००५ च्या कायद्यातही सबळ कारणाशिवाय विलंब केल्यास दिवसाला २५० रुपये, अधिकात अधिक २५,००० रुपये, असा दंड आहे आणि तो लावण्यापूर्वी अधिकाऱ्याचे म्हणणे ऐकावेच लागते. त्या दंडाने प्रशासन लुळे पडल्याचे आम्ही तरी पाहिले नाही. राजस्थानात २०११ चा सेवा-हमी कायदा आणि २०१२ चा सुनावणीच्या अधिकाराचा कायदा असताना नवा कशाला, असेही विचारतात. उत्तर सोपे आहे: त्या दोहोंत अपील विभागातच फिरते. आपल्या महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात निदान तिसरे अपील स्वतंत्र आयोगाकडे जाते. अभियान मागते ते याच दिशेचे दोन पावले पुढचे आहे.

अभियानवाल्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्रत्येक विलंबामागे त्यांना बेपर्वाई दिसते. रिकाम्या जागा दिसत नाहीत. एकाच ग्रामविकास अधिकाऱ्याकडे दोन-दोन पंचायतींचा भार असेल, तर मुदत ठरविणाऱ्याने माणसेही मागितली पाहिजेत. मागणीत हा मुद्दा दंडाइतक्याच ठळकपणे यावयास हवा. पण हे त्यांना कोण सांगणार? ज्याला ते ठाऊक आहे त्यानेच. आणि तो दुसरा चहा पीत बसला आहे.

एकत्र बसले की काय होते, याचा दाखलाही त्याच राज्यात आहे. १३ सप्टेंबर २०१९ रोजी ‘जन सूचना पोर्टल’ सुरू झाले. रेशन, निवृत्तिवेतन, रोजगाराची कामे यांची माहिती गावनिहाय कोणासही अर्जाविना पाहता यावी, ही त्यामागची कल्पना. ती सिद्ध झाली माहिती-तंत्रज्ञान विभागाचे अधिकारी आणि अभियानाचे कार्यकर्ते यांच्या नियमित बैठकांतून. कोणता रकाना हवा, हे रेशनच्या रांगेत उभा राहिलेला सांगत होता. तो कसा भरावयाचा, हे अधिकारी सांगत होते. जुलै २०२३ मध्ये घरपोच माल पोचविणाऱ्या आणि ॲपवरील गाड्या चालविणाऱ्या कामगारांसाठी देशातील पहिला कायदा राजस्थान विधानसभेने संमत केला; प्रत्येक व्यवहारावर कल्याण-शुल्क आणि मंडळात कामगारांचे प्रतिनिधी ही त्याची योजना. त्यामागेही अशाच संघटनांचा पाठपुरावा होता. मत आमदारांनीच दिले. ते त्यांच्याकडून कोणी हिरावून घेतले नव्हते.

उलट जवाबदेही विधेयकाचे पाहा. २०१८ च्या निवडणुकीत त्या वेळच्या विरोधी पक्षाने जाहीरनाम्यात त्याचे वचन दिले, तो पक्ष सत्तेवर आला, समिती नेमली गेली, मसुदे झाले. डिसेंबर २०२१ मध्ये अभियानाने दुसरी यात्रा काढली. २०२३ च्या अखेरीस त्या विधानसभेची मुदत संपली तरी विधेयक सभागृहापुढे आले नाही. निवडून दिलेल्यांनी दिलेले वचन ते. मग ते अडले कोठे? त्याची फाइल ज्यांच्या मेजावरून गेली, त्यांना निवडून कोणी दिले होते?

आमच्या सरकारी बांधवांनी झोळी खांद्याला लावावी, असे आमचे म्हणणे नाही. १९६८ च्या आचरण नियमांच्या मर्यादा आम्ही जाणतो. पण केंद्राने २०१४ साली जे विधिपूर्व विचारविनिमयाचे धोरण ठरविले, त्यात मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा असे म्हटले आहे. ते पाळण्यास कोणता नियम आड येतो? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधील खाजगी माहितीच्या अपवादास जी दुरुस्ती केली, तिच्यामुळे मस्टरावरील नावे उद्या पुन्हा झाकली जातील काय, ही शंका आज भीम-ब्यावरच्या लोकांना आहे. शंका रास्त की अनाठायी, हे कलम वाचूनच ठरेल. आमची सूचना अशी की प्रत्येक शहरातील मराठी मंडळाने येत्या उत्सवात सार्वजनिक सभेवरचे व्याख्यान एक वर्ष थांबवावे, त्या संध्याकाळी स्थानिक संघटनेच्या लोकांना बोलवावे, त्यांचा मसुदा कलमवार वाचावा आणि जे पटणार नाही ते त्यांच्या तोंडावर सांगून लेखी द्यावे. त्यांनी मसुदा लेखीच दिलेला आहे.