हवेतला ड्रम आणि पोहरादेवीचा नंगारा

मंडळी, गेले चार-पाच महिने मी असा एक ड्रमसेट वाजवतोय जो मुळात नाहीच आहे. डोक्यावर तो डबा चढवायचा (जगात त्याला व्हीआर हेडसेट म्हणतात, आमच्या घरी 'टोपलं'), दोन्ही हातांत कंट्रोलर धरायचे, की समोर स्नेअर, हायहॅट, दोन-तीन टॉम, झांजा असा सगळा संसार हजर. हात हवेत हाणला की कानात 'धाड्'. बाहेरून बघणाऱ्याला मात्र अंगात आलेला इसम दिसतो. ह्यावर बरेच दिवस लिहायचं होतं, पण हापिस सोडत नव्हतं. ह्या वीकांताला सपोर्टचा एकही फोन आला नाही, तेव्हा लिहूनच टाकतो.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका :) हे खेळणं सरावासाठी एक नंबर आहे. पण ह्याच्या जोरावर 'आपली पारंपरिक वाद्यं जिवंत ठेवू या' असं जे हल्ली ऐकू येतं, ते मला अजिबात पटत नाही. आणि मी वाशीम जिल्ह्यातला, त्यामुळे माझ्याकडे एक चांगलं दणदणीत उदाहरण आहे. त्यावर येतोच.

आधी कौतुक. मी वापरतो ते सॉफ्टवेअर म्हणजे 'पॅराडिडल'. (हे ड्रमच्या अगदी सुरुवातीच्या धड्यातल्या पलट्याचं नाव. उजवा-डावा-उजवा-उजवा, मग डावा-उजवा-डावा-डावा.) २०१८ साली आलेलं 'बीट सेबर' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कुठल्यातरी मॉलमध्ये खेळलं असेल. त्यात अंगावर येणारे ठोकळे कापायचे असतात. घाम भरपूर निघतो, पण ते वाद्य नव्हे, कारण काय वाजणार हे गाण्यानं आधीच ठरवलेलं असतं. पॅराडिडलमध्ये तसं नाही. ड्रम हवा तिथे ठेवा, हवा तेवढा मोठा करा, डावखुरे असाल तर सगळा सेट उलटा मांडा आणि सुचेल ते वाजवा. कॉम्प्युटरला जोडलं तर मिडी बाहेर काढून आवाज आपल्या पसंतीचा लावता येतो. हेडसेटला तुमचे पाय दिसत नाहीत, म्हणून बेस ड्रमसाठी मी खाली एक पेडल जोडलंय, तेवढा खटाटोप करावा लागतो.

आणि शेजारी! पुण्यात टू बीएचकेमध्ये राहून खरा ड्रमसेट घेऊन बघा. जरा मोकळ्या हातानं वाजवला की आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री ४५. आम्ही घरी येतो रात्री नऊला. म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसानं ड्रम शिकायचा कधी? हवेतल्या ड्रमनं हा प्रश्न एका झटक्यात सोडवला, हे मान्यच करायला हवं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना फक्त पेडलचा 'टक टक' ऐकू येतो, आणि त्याबद्दल त्या मला लिफ्टमध्ये न चुकता विचारतात.

आता दुखणं. ड्रम शिकवणारा कुठलाही मास्तर पहिल्या काही दिवसांतच सांगतो, की काठी दाबू नकोस, तिला उडू दे. ताणलेल्या पृष्ठभागावर काठी आदळते, काही मिलिसेकंद टेकते आणि परत फेकली जाते. वाजवणं म्हणजे निम्मं ह्या परतीच्या उडीला सांभाळणं. डबल स्ट्रोक नावाचा प्रकार पूर्ण त्यावर उभा आहे. मनगट एकदाच हलतं, पण ठोके दोन पडतात, आणि दुसरा ठोका वाद्य तुम्हाला जवळजवळ फुकट देतं, बोटांनी तो फक्त नीट झेलायचा असतो. हवेत हे शक्यच नाही. कंट्रोलर तळहाताला एक बारीकशी गुदगुली करतो, की बाबा, लागलं हं. पण परत काहीच येत नाही. मग दुसरा ठोकाही मनगटानंच मारावा लागतो, आणि हात हवेतच ब्रेक लावून थांबवायची सवय लागते. खऱ्या स्नेअरवर नेमकी ही सवय आडवी येते.

बाकीचं मात्र कामाला येतं. डावा हात एक करतोय, उजवा दुसरं, पाय तिसरं, हे डोक्यात बसायला चामडं लागत नाही. लय पक्की व्हायलाही नाही.

दुसरं दुखणं आपल्या धंद्यातलं, लेटन्सी. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे यंत्रानं २० मिलिसेकंद उशीर केला तर तुमचा ड्रम तुमच्यापासून सात मीटर लांब ठेवल्यासारखं झालं. एवढं हात निभावून नेतो. पण ब्लूटूथचे हेडफोन लावलेत तर उशीर दीडशेच्या घरात सहज जातो. हिशोब करा, पन्नास मीटर! ड्रम गल्लीच्या टोकाला आणि तुम्ही घरात. तेव्हा वायरवालाच हेडफोन लावा, फॅशन गेली उडत.

बरं, ही उडी किती महत्त्वाची आहे हे इलेक्ट्रॉनिक ड्रमवाल्यांना चांगलं कळलं होतं. रोलंड कंपनीनं १९९७ साली रबराच्या पॅडऐवजी जाळीचा पडदा असलेला सेट आणला तो त्यासाठीच, काठी चामड्यासारखी उडावी म्हणून. व्हीआरनं पुढची पायरी गाठताना तो पडदाच काढून टाकला. आमच्या क्षेत्रात ह्याला प्रगती म्हणतात.

असो. तर वाशीम.

दिवाळीला हे टोपलं मी घरी घेऊन गेलो होतो. मी माडीवर वाजवत असताना मामा वर आले. थोडा वेळ बघत उभे राहिले असावेत, मग आवाज आला, "काहून भाचेबुवा, माश्या मारून राह्यले का?" मी टोपलं काढून त्यांच्या डोक्यावर चढवलं. मामा मानोरा तालुक्यातले, त्यांनी नंगारा लहानपणापासून ऐकलेला. दोन मिनिटं त्यांनी जोरजोरात हात चालवले, मग टोपलं काढून हातात दिलं आणि म्हणाले, "आवाज चांगला हाये. पन हे आयकते कोन?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नाही. कारण मानोरा तालुक्यातच पोहरादेवी आहे. बंजारा समाजाची काशी म्हणतात ती. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, रामनवमीला लाखो लोक जमतात. आणि तिथे आता एक वस्तुसंग्रहालय उभं आहे, ज्याची इमारतच नंगाऱ्याच्या आकाराची आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत १३ दालनं आहेत, समाजाचा इतिहास, नेते, चळवळी असं सगळं मांडलंय. त्या दिवसाचं कुठलं दृश्य लोकांच्या लक्षात राहिलं? जगदंबा मातेच्या देवळात पंतप्रधान दोन्ही हातांत काठ्या घेऊन नंगारा वाजवतायत, ते. करोडोंच्या इमारतीपुढे भाव खाऊन गेलं ते एक खरं चामडं :)

आता माझा टीममधला एक मित्र (हेडसेट त्यानंच अमेरिकेहून आणून दिलेला) म्हणाला, तुमच्याकडे एवढं संग्रहालय आहे, त्यात व्हीआर नंगारा ठेवा ना. पोरं वाजवतील, कला जिवंत राहील. ऐकायला झकास वाटतं. एखादा स्टार्टअप ह्यावर तीन स्लाइडमध्ये निधी पण मिळवेल. माझा विरोध आहे.

पहिलं कारण मामांचंच. नंगारा हे मुळात लांब ऐकू जाण्यासाठी केलेलं वाद्य आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरणारे तांडे, रानात पडलेला मुक्काम, आणि सगळ्यांना गोळा करणारा एक आवाज. सोबत थाळी वाजते, लोक गातात, नाचतात, वाजवणारा त्यांच्याकडे बघून लय चढवतो-उतरवतो. हेच वाद्य एका माणसाच्या कानात कोंबलं, की त्याचा आवाज उरतो, काम संपतं. ड्रमसेटचं तसं नाही, तो मुळात माझ्यासारख्यानं घरी एकट्यानं घटवायचाच असतो. म्हणून तिथे मला टोपलं चालतं.

दुसरं कारण भौतिकशास्त्रातलं. गोल ताणलेल्या पडद्याचे वरचे स्वर आदर्श गणितात मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे विचित्र ठिकाणी पडतात, म्हणून नुसतं चामडं बेसूर वाजतं. खाली बंद वाडगं जोडलं आणि आत हवा कोंडली, की हेच स्वर सरकून एकमेकांशी जमायला लागतात आणि आवाजाला सूर येतो. (तबला-मृदंगात शाई लावून हेच साधलंय. त्यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. वेळ मिळाला तर शोधून वाचा, मजा येते.) शिवाय काठी कडेपासून किती आत पडली, चामडं उन्हानं ताठलंय की पावसानं सैल पडलंय, ह्यावर सगळं बदलतं. व्हीआरमध्ये आपण काय भरणार? एका दिवशी, एका नंगाऱ्यावर रेकॉर्ड केलेले पंधरा-वीस ठोके. त्यावर शिकलेल्या पोराला नंगारा येतो असं म्हणणं म्हणजे फोटो बघून पोहायला शिकल्यासारखं आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती मला खरोखर छळते. आपल्याकडे चामड्याचं वाद्य कोणी वाजवायचं हे आवडीवर कधी ठरलं? आमच्या वऱ्हाडात लग्नात, मिरवणुकीत, मयताला डफडं वाजायचं, आणि ते वाजवणं मातंग समाजाकडे जातीनं आलेलं काम होतं. वाद्य सगळ्यांना हवं, वाजवणाऱ्यानं मात्र मांडवाबाहेर बसायचं. आंबेडकरी चळवळीनं असली गावकीची कामं सोडायला सांगितली, आणि ज्यांनी सोडली त्यांनी शहाणपणाचंच केलं. 'परंपरा बुडाली हो' म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे आधी वाचावं. म्हणून व्हीआरबद्दल कोणी मला म्हणालं, की इथे जात विचारत नाहीत, चामडं शिवावं लागत नाही, कोणालाही वाजवता येतं, तर मी लगेच हसून टाळत नाही. एखाद्या मुलीला, जिला घरचे डफ हातात घेऊ देणार नाहीत, तिला बंद खोलीत वाजवता येणं ही लहान गोष्ट नाही.

पण मग तोच धागा पुढे ओढा. आवाज तेवढा घेतला, माणूस वगळला, हेच तर आपण शतकानुशतकं करत आलोय. व्हीआर नंगाऱ्याचे ठोके कोणी दिले? त्याला किती पैसे मिळाले? त्याचं नाव स्क्रीनवर आहे का? तो संग्रहालयात शिकवायला बसतो का, की त्याच्या हाताचं सॅम्पल वीस कंट्रोलरमध्ये वाटून त्याला घरी पाठवलं? जे पैसे हेडसेटवर जातील त्यात दोन-तीन जाणकार वादकांना वर्षभराचं मानधन देऊन, शनिवार-रविवार पोरांना खऱ्या नंगाऱ्यावर बसवता येईल. जात न विचारता आणि मुलींसकट. हेडसेट दोन वर्षांत जुना होतो, हे आपल्याला तरी कोणी सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं काय? रास्त प्रश्न. बंगळुरूच्या रेडेलचे डबे आले, मग फोनवर ॲप आली, आज घरच्या रियाजाला खरा तानपुरा घेऊन बसणारे किती? पण गंमत अशी, की मैफलीत गायकाच्या मागे अजूनही दोन लाकडी तानपुरे दिसतात, आणि मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. डब्यानं रियाज सोपा केला आणि मैफल मैफलीच्या जागी राहिली, कारण तिथे खरा तानपुरा मागणारे लोक होते आणि मिरजेत तो बनवणारे होते. नंगाऱ्याला मैफल आहे. पोहरादेवीची जत्रा आहे, होळी आहे, तांडे आहेत. वाजवणाऱ्यांची पुढची पिढी मात्र पुण्यात-हैदराबादेत नोकरीला आहे. ती गावी येते तेव्हा तिला बसवून शिकवणारं कोणीतरी हवं, घाई आहे ती तिथे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. हवेतला ड्रम मी वाजवत राहणार, तुम्हीही वाजवा, वायरवाला हेडफोन मात्र विसरू नका. आणि ज्यांच्या गावी अजून नंगारा वाजतो त्यांनी पुढच्या खेपेला वादकाला विचारून, त्याचं नाव लिहून घेऊन, एकदा नीट रेकॉर्डिंग करा. फोनचा नेहमीचा रेकॉर्डर वापरू नका, तो मोठा आवाज आला की आपोआप खाली दाबतो आणि ठोक्यांमधला लहान-मोठा फरकच मारून टाकतो. आवाजाची पातळी हातानं ठरवू देणारं ॲप घ्या, फोन सात-आठ फूट लांब ठेवा, आणि दुसऱ्या फोननं बाजूनं फक्त हात शूट करा. मनगट आणि काठीची परतीची उडी दोन्ही दिसली पाहिजेत. मामांना मी हे काम लावलंय. ते म्हणाले, "रामनवमीले ये, मंग दाखवतो."